सिंगापूरला दोघं

ता. २२ नोव्हेंबर १९३६, बारामती

मारुतरावांचं पत्र आलं. पाकिटावरचं तिकीट बघायला पेठेतली माणसं मोटारीच्या शेडमध्ये जमली. ह्यांना वाचता येतं, पण चारचौघांत मोठ्यानं वाचायचं असलं की मला हाक. दाराच्या आत उभी राहून वाचलं.

मारुतराव कन्हेरीचे, ह्यांचे लहानपणचे सोबती. लढाईत मोटार चालवायला गेले, परत आले, माझ्या लग्नानंतर एका साहेबाबरोबर सिंगापूरला उतरले आणि तिथलेच झाले. आता मोटारदुरुस्तीचं स्वतःचं दुकान. लिहितात, इथं रस्त्यावरून तारा ओढल्यात, मोटारीच्या डोक्यावर दोन दांड्या, त्या तारेला लावल्या की मोटार चालते. पेट्रोल नाही, धूर नाही, हेंडल मारायचं नाही. रस्ते असे की सांडलेलं तेल पुसून घ्यावं. ‘तुझ्या दोन खटाऱ्यांवर जन्म काढू नकोस. एकदा येऊन बघ. दोघं या. राहायचं, जेवायचं माझ्याकडं.’ त्यात ह्यांचं नाव तीनदा होतं. तिन्ही वेळा मी गाळलं, माणसं हसली.

दोघं या.

सासूबाई चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, “दोघं म्हंजे कोन कोन?”

धाकटी, हौसा, भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मीही पत्राची घडी घालायची थांबले.

मारुतराव गेले तेव्हा ह्या घरात एकच सून होती. दोघं लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढं मीच असणार. पण हे सांगू कुणाला?

ता. २४ नोव्हेंबर

हे म्हणाले, “यशोदे, खर्च काढ. किती लागंल ते एकदा कळू दे. तुझ्या तात्यांस्नी इचार, त्येंच्याकडं नकाशे हायत.”

म्हणजे जायला हो म्हणाले. फार पटकन म्हणाले.

हौसाला दोन वर्षं झाली येऊन. मला मूल नाही, नऊ वर्षं वाट पाहिली, मग सासूबाईंनी कळसची मुलगी आणली. अक्षता मीही टाकल्या. तिलाही अजून काही नाही. ह्या एका बाबतीत आम्ही दोघी सारख्या, आणि मला त्याचं बरं वाटतं. बाकी कशातच सारख्या नाही. ती एकोणीस वर्षांची.

ता. २७ नोव्हेंबर, इंदापूर

ह्यांच्याच मोटारीनं आले. हौसा कळसपर्यंत, माहेरी. ती पुढं, ह्यांच्या शेजारी. मी मागं, कांद्याची पोती आणि एका बाईच्या कोंबड्या. खड्डा आला की मोटार हळू व्हायची. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्याच रस्त्यानं मोटार अशी पळवायचे की दात वाजायचे. आता खड्डे दिसतात.

कळसला ती उतरली. तिची आई, भावजया, अर्धी गल्ली घ्यायला आली होती. पुढची जागा रिकामी. ‘पुढं ये’ म्हणाले नाहीत. मी मागितली नाही. इंदापूरपर्यंत तिथं ह्यांचा डबा बसून आला.

तात्यांनी शाळेतला मोठा नकाशा काढला. रिटायर होताना मास्तरांना कुणी काय देतं, माझ्या बापाला फाटका नकाशा दिला. मद्रासवर बोट ठेवून निळ्यावरून सरळ उजवीकडं नेलं. पेनांग. मग खाली, जमिनीच्या टोकाला लोंबणारा ठिपका. तात्यांनी चाळीस वर्षं भूगोल शिकवला, समुद्र पाहिला नाही.

म्हणाले, “कोण जातंय?”

“ठरायचंय.”

चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, “हिशोब तू करतेस, म्हणजे तूच जाणार.”

माझा बाप भोळा आहे.

ता. ३ डिसेंबर, बारामती

मद्रासच्या बोटकचेरीचं उत्तर आलं. दोघांचं, जाऊन येऊन :

रेल्वे, बारामती ते दौंड छोट्या गाडीनं, तिथून मद्रास, थर्ड – ४४
बोट, डेकवर – १५०
मद्रासला उतरणं, खाणं – ८
बोटीवरचा शिधा (तांदूळ, पीठ, गूळ, लोणचं, लिंबं) – १२
पासपोर्ट, फोटो, टोचणी – १४
मा.रा.च्या घरी लुगडं, नारळ वगैरे – ९
छत्री (तिथं रोज पाऊस म्हणे) – २
तिथला वरखर्च – ४०. त्यांचा डॉलर आपल्या दीड रुपयाच्याही वर, म्हणून जास्त धरले.

एकूण २७९. तीनशे धरू.

जी जाईल तिला नवी चोळी लागेल. कापड घरात आहे, शिलाई धरली नाही. माप कुणाचं, ते कुठं लिहू.

ह्यांनी कागद बघितला. “झ्याक काढलंस.” बस्स एवढंच. पण दिवसभर बरं वाटलं. कांदा चिरतानाही मनात बोटीवरच होते. डेक म्हणजे उघडं, वर ताडपत्री असते म्हणतात.

ता. ९ डिसेंबर

हौसा आली. मला विचारते, “आक्का, बोटीत चूल असती का?”

“असते.”

“मग बोट जळत न्हाय?”

“लोखंडाची असते.”

“लोखंड बुडत न्हाय व्हय?”

ह्याचं उत्तर मला नीट देता आलं नाही, म्हणून रागावले. संध्याकाळी हाच प्रश्न तिनं शेडमध्ये ह्यांना विचारला. ह्यांचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू आलं. माझ्या नकाशाला, माझ्या हिशोबाला ‘झ्याक’. तिच्या अडाणी प्रश्नाला एवढं हसणं.

मी असले प्रश्न कधी विचारलेच नाहीत. मला येत होतं ना सगळं.

ता. १४ डिसेंबर

पासपोर्टाचा फॉर्म आणला. इंग्रजी आणि खाली मराठी. अक्षर माझं चांगलं म्हणून माझ्यापुढं ठेवला. नाव, बापाचं नाव, गाव, धंदा, उंची. उंचीसाठी ह्यांना दारात उभं करून माप घेतलं. हसत उभे राहिले, मान ताठ. मीही हसले. मग पुढची ओळ. बरोबर बायको असल्यास तिचं नाव. एकाच नावाची जागा.

लेखणी टेकवून थांबले. मला वाटलं, हे काहीच बोलणार नाहीत, मी लिहीन आणि झालं. तेवढ्यात म्हणाले,

“हौसाचं लिव.”

मग माझ्याकडं न बघता, “तू गेल्याव मोटारीचा हिशोब कोन बघनार? आई म्हातारी. हौसाला घर सोपवून जाता येईल का, तूच सांग.”

म्हणजे मी उपयोगाची आहे म्हणून जायचं नाही. ती कशाच्याच उपयोगाची नाही, म्हणून तिनं सिंगापूर बघायचं.

लिहिलं. माझ्या हातानं. सौ. हौसाबाई. वेलांट्या, काने सगळे जागच्या जागी. डाग पाडला नाही.

ता. १६ डिसेंबर

जेवण नाही. कुणी विचारलंही नाही, कारण वाढायला मीच असते.

रात्री कडी लागली की त्या खोलीतलं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून कोठीत झोपते. आज त्या कोठीत बोटीसाठीचा गूळ आणून ठेवलाय.

ता. १८ डिसेंबर

ह्यांना म्हणाले, खर्चात काही राहून गेलं होतं. पुन्हा काढला. बायकांना डेकवर बरं नव्हे, म्हणून वरचा वर्ग धरला. मद्रासला आठवडाभर बोट मिळाली नाही तर, ते धरलं. आजार धरला. वरखर्च दुप्पट. ४९० वर गेलं.

खोटं एकही कलम नाही. फक्त सगळं वाईट ते एकदम घडेल असं धरलं.

कागद दोनदा बघितला. “एवढं?” म्हणाले. मला आतून गार वाटलं.

ता. २१ डिसेंबर

आज आले, माझ्या शेजारी बसले. किती दिवसांनी. म्हणाले, “दोनशे कमी पडत्यात. तुझ्या पाटल्या सहा म्हैने गहान ठेवू. पावसाळ्याच्या आत सोडवून देतो. आईची आन.”

माझ्या पाटल्या! तिच्या बोटीच्या वरच्या वर्गासाठी! आणि ते दोनशे मी माझ्या हातानं वाढवलेले.

हसू आलं, ते रडू वाटलं असेल त्यांना, कारण हात धरला. “तुला लई त्रास देतो मी,” म्हणाले. हात ऊन होता, पेट्रोलचा वास.

ता. २२ डिसेंबर

“बेरीज चुकली होती, डेकवर बायकाही जातात, तात्यांनी सांगितलं,” असं म्हणून पहिला कागद परत दिला. तात्यांचं नाव फुकट घेतलं. पाटल्या हातात आहेत.

ता. १५ जानेवारी १९३७

काल संक्रांतीचं हळदीकुंकू. घरात तीसेक बायका. वाण दिलं, तिळगूळ दिला. पेठेतली वकिलीणबाई सगळ्यांदेखत म्हणाली, “मग, थोरल्या निघालात ना सिंगापूरला?”

सासूबाईच बोलल्या. “न्हाय, धाकटी जानार.”

बायकांनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं कसं असतं ते लिहिता येत नाही. मी म्हणाले, “मला बोट लागते.” मी बोट पाहिली नाही, नीरेच्या कालव्यात होडीसुद्धा नाही.

हौसा हिरव्या लुगड्यात, बायका तिच्याभोवती. “आमाला काय आनशील गं?” ती सगळ्यांना कबूल करत होती. एकीला काचेच्या बांगड्या, एकीला छत्री, एकीला चिनी बाहुली. तिच्या मनानं सिंगापूर म्हणजे कळसची जत्राच.

ता. २८ जानेवारी

इलेक्शनमुळं दोन्ही मोटारी भाड्यानं. सकाळी जातात त्या दिवे लावूनच येतात. पैसे जमतायत. म्हणजे जाणं नक्की. मार्चअखेर बोट.

मारुतरावांना उत्तर मीच लिहिलं. ‘आम्ही दोघं येतो.’ ह्यांच्या वतीनं लिहायचं म्हणून आम्ही.

ता. ३ फेब्रुवारी

परवा दोघांना देवी टोचल्या. दाखला घेतला. हौसाचा दंड सुजला, अंगात कणकण. सकाळी तिच्यासाठी पेज घेऊन गेले. वास आला तशी परसात पळाली. टोचल्यानं असं होत नाही. मी पाठोपाठ गेले. निंबाला धरून उभी होती.

“किती दिवस झाले?”

निंबाची साल खरवडत राहिली.

“हौसा, किती दिवस?”

“दोन म्हैने चुकले.” मग एकदम माझे पाय धरले. “आक्का, कुनाला सांगू नका. बोट सुटंस्तवर सांगू नका. आत्याबाईंस्नी कळलं तर मला उंबऱ्याभाइर पाऊल टाकू द्यायच्या न्हायत. मग पोर, मग दुसरं पोर, मग माझं झालंच की. मला एवढं एकदा जाऊ द्या.”

मी तिला चूळ भरायला पाणी दिलं.

मूलही तिलाच. सिंगापूरही तिलाच. देवा, एखादी वस्तू तरी वाटून द्यायची.

ता. ६ फेब्रुवारी

एक शब्द बोलायचा. सासूबाईंना नुसतं म्हणायचं, हौसाला पेजेचा वास सोसत नाही. पुढचं त्या बघतील. मग फॉर्मवर दुसरं नाव.

तीन वेळा त्यांच्याजवळ जाऊन बसले. एकदा तोंड उघडलं आणि विचारलं, तूरडाळ निवडू का.

का बोलवेना, ठाऊक नाही. दया नाही, खोटं कशाला लिहू. सांगितलं की घरात जो आनंद होईल, तो मला बघायचा नाही. जितके दिवस लांबेल तितके लांबू दे.

पण डेकवर आठ-नऊ दिवस, उलट्या, आणि सोबत ह्यांच्यासारखा माणूस, ज्याला स्वतःचा सदरा सापडत नाही. काही झालं म्हणजे? तेही मनात येतं.

ता. ११ फेब्रुवारी

सासूबाईंना कळलं. मी नाही सांगितलं. हौसा चुलीतली राख चाखताना सापडली. सासूबाई तशाच पिठाच्या हातांनी तिच्या तोंडावरून हात फिरवत सुटल्या, तिचं तोंड पांढरं. शेडमध्ये निरोप. हे धावत आले. मोटारीचं हेंडल हातातच.

घरात साखर वाटली. मीच वाटली, कोण वाटणार. वकिलीणबाईंकडंही.

ह्यांचा चेहरा असा मी अकरा वर्षांत पाहिला नाही. तो माझ्यामुळं व्हायला हवा होता.

ता. १३ फेब्रुवारी

हौसा बोलत नाही. आज विहिरीवर एकटीच होते तेव्हा आली. “तुमीच सांगितलं.”

“मी नाही.”

“तुमीच. तुमाला जायचं हाय.”

“जायचं आहे. पण सांगितलं नाही.”

“शपत घ्या.”

घेतली नाही. मी चांगुलपणा केला तो एकदाच, आणि त्याचा साक्षीदार कुणी नाही. सासूबाईंनी संध्याकाळी तिच्यासमोरच सगळं सांगितलं, राख कशी बघितली ते. तिनं ऐकलं. तरी माझ्याकडं बघितलं नाही.

ता. १५ फेब्रुवारी

हे नवा फॉर्म घेऊन आले. फोटो काढायचे राहिलेत म्हणून जुना गेला नव्हता.

“हौसाला आता जमत न्हाय. तू चल.”

तीन महिने ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं आलं. भाजीत मीठ नाही तर गूळ घाल, तसं.

“आणि मोटारीचा हिशोब?”

“तात्यांस्नी बोलावू. येतील की चार म्हैने.”

म्हणजे तात्यांना बोलावता येत होतं. डिसेंबरातही येत होतं.

मी म्हणाले, “फॉर्म ठेवा तिथं.”

“लिवतीस न्हवं?”

“ठेवा.”

उभे राहिले थोडा वेळ. माझ्या उत्तरासाठी माणूस उभा राहिलेला मी पहिल्यांदा बघत होते.

ता. १८ फेब्रुवारी

सासूबाई म्हणतात, जाऊच नको. बायको पोटुशी असताना समुद्र ओलांडू नये. ह्यांचंही मन दोन्हीकडं. रात्री जेवताना तारेवरच्या मोटारीचं बोलतात, सकाळी हौसाच्या खोलीत डोकावून गप्प होतात. मला म्हणाले, “जाऊन पावसाळ्याच्या आधी परत येता येतंय. श्रावणापर्यंत काय न्हाय. व्हय ना?”

मी बोटीच्या तारखा सांगितल्या. येतं परत, वेळेत. हिशोबात बसतं.

तात्या आले. सिंगापूर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, “मला येताना समुद्राचं पाणी आण बाटलीत.” मास्तरच म्हणतात हे. दुपारी मोटारीच्या वह्या समजावून दिल्या. मुलगी ‘नाही’ म्हणू शकते हे त्यांच्या मनातही नाही.

ता. २० फेब्रुवारी

फॉर्म लिहिला. सौ. यशोदाबाई. अक्षर थोडं वाकडं आलं. वर्णनाच्या जागी लिहावं लागलं, उंची मध्यम, डाव्या गालावर तीळ. तीळ आहे का हे आरशात पुन्हा बघितलं. मंगळवारी पुण्याला फोटो. नवी चोळी शिवायला टाकली, माझ्या मापाची.

आनंद होतोय. लपवत नाही. पण मधेच थांबतो, कुणीतरी हाक मारल्यासारखा.

ता. २२ फेब्रुवारी, दुपार

सगळी झोपलेली. शिंपी चोळी देऊन गेला. घालून बघत होते, तोच हौसा दारात. पाठीचे बंद बांधता येत नव्हते, तिनं पुढं होऊन बांधले. बोलत नाही तरी बांधले.

मग तिथंच, पाठीमागूनच म्हणाली, “आक्का, नका जाऊ.”

मला वाटलं, बाळंतपणाची भीती. म्हणाले, श्रावण लांब आहे, सासूबाई आहेत, तात्या आहेत, मी येईन.

“त्ये न्हाय.”

“मग काय?”

बंदाची गाठ चाचपत राहिली. मग एकदम, “तुमी दोघंच. एवढे दिवस. बोटीव, मग तितं, मग परत बोटीव. तुमाला सगळं येतंय, नकाशा, विंग्रजी अक्षरं. त्यांस्नी तुमच्यासंगं बोलायला काय काय आसंल. मी हितं फुगून बसलेली. तुमी याल तवा त्यांस्नी माझ्याकडं बघावं वाटंल का?”

मी मान वळवून बघितलं. रडत नव्हती. डोळे कोरडे, ओठ आवळलेले, आणि माझ्या चोळीकडं बघत होती. कापडाकडं, काठाकडं, खांद्यापर्यंत. मला ते बघणं पुरतं ओळखीचं.

माझा हेवा. ह्या घरात कुणी माझा हेवा करतंय. एकोणीस वर्षांची, पोटुशी, लाडकी. माझा!

कसं वाटलं ते खरं लिहिते. साखर वाटताना जितकं तोंड कडू होतं, तितकं आत्ता गोड झालं. तिला जवळ घ्यावं असं वाटलं आणि नाहीही वाटलं. दोन वर्षं मला कुणी असं जवळ घेतलं नव्हतं.

तिचा हात अजून बंदाच्या गाठीवर होता. सोडते की आवळते, कळेना.

“सांगा ना आक्का. जानार का?”

उद्या सकाळी मोटार पुण्याला निघायची आहे. ट्रंक तात्यांनी पुसून ठेवलीय.

मी म्हणाले, “बघू.”

हा शब्द ह्या घरात आजवर मला ऐकवायचे.